सर्पदंशाचं पोस्टर करताना

वैद्यकीय अधिकारी मॅडमनी माझ्या हातात ठेवलेला मजकूर टाइप केलेल्या दोन पानांचा होता आणि त्यात चुकीचं असं एकही वाक्य नव्हतं. रायगड जिल्ह्यातल्या भातशेतीच्या पट्ट्यात त्यांचं प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. आजूबाजूला गावं, आदिवासी वाड्या, आणि लावणीचे दिवस तोंडावर आलेले. साप चावला तर काय करायचं याचं एक इन्फोग्राफिक त्यांना हवं होतं. केंद्राच्या भिंतीवर, शाळेत, ग्रामपंचायतीत लावता येईल आणि व्हॉट्सअ‍ॅपवरही पाठवता येईल असं. त्या दोन पानांत देशातल्या मृत्यूंचे आकडे होते, चार विषारी सापांचे फोटो, विषाचे प्रकार, लक्षणं, प्रथमोपचार, टाळायच्या गोष्टी, घराभोवतीची स्वच्छता, सगळं होतं. "यातलं काहीच गाळता येणार नाही हं," त्या म्हणाल्या.

माहिती चित्रांतून मांडायचं काम मी बरीच वर्षं करते आहे. असा मजकूर आला की तो मी जरा बाजूला ठेवते आणि हे कोण, कुठे, कोणत्या अवस्थेत बघणार आहे ते आधी लिहून काढते. इथे दोन माणसं अगदी स्पष्ट दिसत होती. एक, ओपीडीच्या बाकावर नंबरची वाट बघत बसलेली बाई. तिच्याकडे अर्धा तास आहे, ती वाचेल, शेजारणीला दाखवेल. दुसरा, रात्री दीड वाजता मोबाइल हातात धरून उभा असलेला मुलगा, ज्याच्या आईला आत्ता काहीतरी चावलंय. त्याचे हात थरथरतायत, घरात चारजण चार सल्ले देतायत. या दोघांना एकच चित्र पुरणार नाही, हे मी मॅडमना पहिल्याच बैठकीत सांगितलं. दोन पोस्टर करायची ठरली. एक त्या मुलासाठी, फक्त पुढच्या काही मिनिटांचं. दुसरं त्या बाईसाठी, पावसाळ्याआधी वाचून ठेवायचं.

सगळ्यात जास्त चर्चा झाली ती सापांच्या फोटोंवर. नाग, मण्यार, घोणस, फुरसे हे चार फोटो पहिल्या पोस्टरवर नकोत असं माझं म्हणणं होतं. मॅडमना ते पटेना. "लोक पहिला प्रश्न तोच विचारतात, विषारी होता का बिनविषारी." मी त्यांना विचारलं, पेशंट आला की तुम्ही उपचार कशावरून ठरवता? मग त्यांनीच समजावून सांगितलं. आपल्याकडे मिळणारं प्रतिविष या चारही सापांवर चालतं. ते द्यायचं की नाही हे लक्षणांवरून ठरतं, आणि एका साध्या चाचणीवरून: पेशंटचं २ मिली रक्त कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत घ्यायचं, २० मिनिटं न हलवता ठेवायचं आणि मग नळी तिरकी करून गोठलंय का ते बघायचं. गोठलं नसेल तर विष रक्तात भिनलंय. म्हणजे साप ओळखणं हे घरच्यांचं काम नाहीच. फोटो समोर असले की घरचे ओळखायला बसणार, टॉर्च घेऊन शोधायला जाणार, मारायला जाणार, त्यात आणखी कुणाला चावायचा. हे बोलता बोलता मॅडमच म्हणाल्या, "फोटो दुसऱ्यावर घ्या."

आकड्यांचंही तेच झालं. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं दगावली, वर्षाला सरासरी ५८ हजार, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आहे. वाचून सुन्न व्हायला होतं. पण रात्री दीड वाजता हा आकडा त्या मुलाला फक्त घाबरवणार, आणि तिथे तर धीर द्यायचाय. धीर देण्यासारखी माहितीही खरीच आहे: चावणारे बरेचसे साप बिनविषारी असतात आणि विषारी सापही दर वेळी विष सोडतोच असं नाही. म्हणून पहिल्या पोस्टरवर १०८ सोडून एकही आकडा ठेवला नाही.

दुसऱ्या पोस्टरवर मात्र आकडे हवेच होते. त्याच अभ्यासात म्हटलंय की साधारण निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत होतात. मॅडमनी नमुना म्हणून आणलेल्या एका तक्त्यात हे गोल वर्तुळाच्या फोडी करून दाखवलं होतं. वर्तुळाच्या फोडींची तुलना करणं डोळ्याला जड जातं. एकाच रेषेपासून सुरू होणाऱ्या पट्ट्यांची लांबी माणूस कितीतरी अचूक ओळखतो. क्लीव्हलंड आणि मॅकगिल या संशोधकांनी १९८४ साली हे प्रयोग करून दाखवलं आणि माझ्या रोजच्या कामात मला ते पदोपदी दिसतं. मी एकाखाली एक दोन सारख्या लांबीच्या पट्ट्या काढल्या. वरच्या पट्टीत वर्षाचे बारा महिने, त्यातले पावसाळ्याचे चार भरलेले. खालच्या पट्टीत मृत्यू, बरोबर अर्धी भरलेली. दोन्हींचं भरलेलं टोक डावीकडून सुरू होतं, त्यामुळे खालची पट्टी किती पुढे गेलीय ते लांबूनही दिसतं. शीर्षक दिलं: "चार महिने पावसाचे, निम्मे मृत्यू त्यातलेच". तक्ता काय सांगतो ते शीर्षकातच सांगून टाकावं, या मताची मी आहे. "सर्पदंश मृत्यूंचे मासिक वितरण" असलं शीर्षक वाचणाऱ्यावर काम ढकलतं.

आता शब्द. मूळ मजकुरात होतं, "बाधित अवयवाची हालचाल मर्यादित ठेवावी". त्याचं झालं, "चावलेला हात किंवा पाय हलू देऊ नका". "रुग्णास त्वरित नजीकच्या आरोग्य संस्थेत हलवावे" याचं, "लगेच दवाखान्यात न्या". सोपं लिहिणं हे निम्मं काम झालं. उरलेलं निम्मं ओळी कुठे तोडायच्या त्यात असतं, आणि मराठीत तर फारच. आपल्या वाक्यात नकार शेवटी येतो. "दोरी आवळून बांधू नका" हे वाक्य अरुंद चौकटीत टाकलं की "दोरी आवळून बांधू" वरच्या ओळीत राहतं आणि "नका" एकटंच खाली जातं. घाईत वरची ओळ वाचणाऱ्याला पोस्टर चक्क दोरी बांधायला सांगतं! कोपरा फाटला, खालच्या कडेवर दुसरा कागद चिकटला, तर "नका" कायमचं गेलं. म्हणून प्रत्येक नकारार्थी वाक्यात शेवटचे दोन शब्द न तुटणाऱ्या जागेने (नॉन-ब्रेकिंग स्पेसने) जोडून घेतले आणि ओळ आधीच तोडली: "दोरी आवळून / बांधू नका". शिवाय "नका" सगळीकडे ठळक. कुणीही मराठी पोस्टर करत असेल त्याने एवढं एक तरी आवर्जून बघावं.

चित्रांची पहिली फेरी घेऊन मी गावातल्या आशा सेविकेच्या, म्हणजे आशाताईंच्या ओटीवर बसले. त्यांनी शेजारपाजारच्यांना बोलावलं होतं. अशा वेळी "समजलं का?" हा प्रश्न मी कधीच विचारत नाही. आपल्याकडची माणसं सभ्य असतात, पाहुण्याला वाईट वाटू नये म्हणून "हो हो, समजलं" म्हणतात. मी विचारते ते असं: "समजा काकूंना आत्ता पान लागलं, म्हणजे साप चावला. हे बघा आणि काय काय कराल ते मला करून दाखवा." मग माणसं उठतात, एकमेकांना हात लावतात, आणि चित्राने त्यांना नेमकं काय सांगितलं ते आपल्याला दिसतं.

करू नये अशा गोष्टी दाखवायची सर्रास पद्धत म्हणजे ती गोष्ट काढायची आणि तिच्यावर लाल फुली मारायची. दोरी बांधलेला पाय, ब्लेडने कापलेली जखम, तोंडाने विष ओढणारा माणूस, प्रत्येकावर फुली. मी एक नमुना मुद्दाम तसा केला होता आणि एक त्याशिवायचा. फुलीवाला नमुना बघून एका आजींनी पदराची कड फाडल्यासारखं करून सुनेच्या पोटरीवर आवळून दाखवली. "असंच बांधतात ना? यात पण तेच काढलंय." फुली त्यांना दिसली नव्हती असं नाही. फुली म्हणजे नको, हा संकेत शाळेच्या वहीतून येतो आणि आजी शाळेत गेल्या नव्हत्या. त्यांना दिसली ती ओळखीची कृती, आणि ओळखीची असल्यामुळे ती पक्की झाली. फुल्यांची सगळी चित्रं काढून टाकली. चित्र फक्त करायच्या गोष्टींचं, मोठं. नको त्या गोष्टी खाली वेगळ्या पट्ट्यात, निव्वळ शब्दांत. वाचता न येणाऱ्याने नुसती चित्रं बघितली तरी त्याच्या हातून योग्य तेच घडावं.

त्यातही एक गाठ होतीच. दोरी बांधू नका म्हणायचं आणि त्याच वेळी पाय हलू नये म्हणून काठीचा आधार देऊन फडक्याने बांधायला सांगायचं. मॅडमच्या दृष्टीने दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक. दोरी रक्तपुरवठा अडवते, फडकं फक्त काठी जागेवर धरतं. बघणाऱ्याला मात्र दोन्हीकडे बांधणंच दिसतं. या एका चित्रावर मी जितका वेळ घालवला तितका बाकीच्या सगळ्यांवर मिळून नसेल. आधी नुसता पाय काढला होता, तर लोकांना तो तुटलेला पाय वाटला. शरीराचा एकच तुकडा दाखवला की ज्यांना चित्रं वाचायची सवय नाही त्यांचा गोंधळ होतो. मग आडवी झोपलेली अख्खी बाई काढली, नऊवारीतली, पायाला लागून टाचेपासून मांडीपर्यंत लांब काठी, आणि चार बोटं रुंद अशा कापडाच्या पट्ट्या. पट्टीखाली एक बोट सरकवलेलं दाखवलं आणि लिहिलं, "बोट आत जाईल इतकं सैल". चौकटीचं शीर्षक "बांधा" काढून "काठीचा आधार द्या" केलं. पुढच्या वेळी आशाताईंच्या मुलाने छत्री घेतली, आजीच्या पायाशी ठेवली, पंचा गुंडाळला आणि स्वतःहून बोट घालून बघितलं. मला त्या क्षणी फार बरं वाटलं.

त्याच चित्रात बांगड्या, जोडवी आणि पैंजण उतरवून बाजूला ठेवलेले दाखवले. सूज चढली की हे दागिने रुततात. "दागिने काढा" एवढं लिहून भागत नाही, कारण जोडवी कुणी दागिन्यात मोजत नाही आणि ती उतरवायला मन धजत नाही. म्हणून जोडव्यांचं चित्र वेगळं आणि स्पष्ट काढलं. ओटो नॉयराट यांनी १९२० च्या दशकात व्हिएन्नात साध्या चित्रचिन्हांची पद्धत उभी केली. त्यांच्या सहकारी आणि पत्नी मारी नॉयराट १९५० च्या दशकात पश्चिम नायजेरियात काम करायला गेल्या तेव्हा त्यांनी युरोपातली चिन्हं तशीच न वापरता तिथली घरं, तिथले कपडे घेऊन ती नव्याने काढली. इंटरनेटवरून फुकट मिळणारा, टोपी घातलेला गोरा माणूस उचलून पोस्टरवर चिकटवण्याचा मोह झाला की मी मारीबाईंची आठवण काढते.

रंगांबद्दल मी फार काटेकोर आहे. करायचं ते हिरवं आणि टाळायचं ते लाल, ही जोडी डोळ्यांत बसलेली आहे, पण लाल-हिरवा फरक न दिसणारी माणसं, बहुतेक पुरुष, प्रत्येक गावात असतात. त्यांना स्वतःलाही कधीकधी ते माहीत नसतं. आणि रंग सगळ्यांना दिसले तरी झेरॉक्समध्ये ते मरतातच. आरोग्य केंद्रातून पोस्टर पुढे जाणार ते काळ्या-पांढऱ्या झेरॉक्सच्या रूपात, हे मला पक्कं ठाऊक होतं. शुद्ध लाल आणि नेहमीचा गडद हिरवा शेजारी ठेवले तर त्यांच्या उजळपणातलं प्रमाण जेमतेम १.३:१ भरतं. झेरॉक्सवर दोन्ही एकाच करड्या छटेचे. वेबसाठीच्या सुगम्यतेच्या निकषांत साध्या मजकुराला पार्श्वभूमीशी किमान ४.५:१ आणि मोठ्या मजकुराला ३:१ फरक हवा असं म्हटलंय. शुद्ध लालवर पांढरी अक्षरं ४:१ च्या आसपास येतात, म्हणजे आपल्या असंख्य सरकारी-निमसरकारी फलकांवरची बारीक पांढरी अक्षरं त्यात नापास. मी गडद निळा आणि नारिंगी घेतला, मजकूर पांढऱ्यावर काळा ठेवला आणि दोन पट्ट्यांमधला फरक रंगावर सोडला नाही. वरच्या पट्ट्यात चित्रं, खालच्याला जाड काळी चौकट. प्रिंटआउटचा झेरॉक्स, त्या झेरॉक्सचा झेरॉक्स काढून बघितला. वाचता येत होतं.

अक्षरासाठी मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेचा मुक्त परवान्यातला मुक्ता फॉन्ट घेतला. त्यात जाड-बारीक वजनं भरपूर आहेत आणि मात्रा स्पष्ट राहतात. बारीक वजन टाळलं, कारण व्हॉट्सअ‍ॅपवर चित्र दाबलं गेलं की आधी उकार-वेलांट्या पुसट होतात. दोन ओळींतलं अंतर इंग्रजीपेक्षा ऐसपैस ठेवलं, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला टेकतो. १०८ मात्र कीपॅडवर दिसतात तशाच इंग्रजी आकड्यांत आणि शेजारी छोटा देवनागरीत. वाचायला देवनागरी सोपा असला तरी दाबायचं बटण डोळ्यांना जुळवावं लागतं.

लक्षणांचं एक चित्र शेवटपर्यंत जमलं नाही म्हणून शब्दांवर सोडलं. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते, फारसं दुखत नाही, खूणही नीट दिसत नाही. नंतर पोटात दुखतं, पापण्या जड होऊन मिटायला लागतात, बोलणं अडखळतं. मिटत चाललेल्या पापण्यांचा चेहरा काढला की बघणारे म्हणत, "झोप आलीय त्याला." मण्यार चावलेल्याला कुणी झोप आलीय म्हणून निजू दिलं तर काय होईल, या विचाराने मी ते चित्र काढून टाकलं आणि तिथे मोठ्या अक्षरांत लिहिलं: "डोळे उघडत नाहीत? बोलता येत नाही? थांबू नका."

माझा एक दृष्टिहीन मित्र बँकेत काम करतो. त्याला मी पोस्टर मोबाइलवर पाठवलं, कारण ज्याला दिसत नाही त्यालाही साप चावू शकतो. चित्रातला मजकूर टॉकबॅकला, म्हणजे मोबाइलवरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या सुविधेला, आपोआप वाचता येईलच याची खात्री नसते. पीडीएफ जुन्या, नॉन-युनिकोड फॉन्टमध्ये केलेली असेल तर तो इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा पाऊस पाडतो, कारण आत खरोखर तेच साठवलेलं असतं. छपाईवाले "फाइल कर्व्ह करून द्या" म्हणतात, म्हणजे अक्षरांच्या नुसत्या आकृत्या करा. छपाईला ते ठीक, पण तीच फाइल वेबसाइटवर टाकली की मजकूर नाहीसा होतो. मी छपाईची फाइल वेगळी आणि खऱ्या मजकुराची वेगळी ठेवली, आणि चित्राचं वर्णन लिहून त्याला ऐकायला दिलं. त्याने मधेच थांबवलं. "बाई कशी झोपलीय, काय नेसलीय ते मला कशाला? मी काय करायचं ते सांग." मग वर्णन चित्राचं न राहता कृतीचं झालं, त्याच क्रमाने, छोट्या वाक्यांत. तेच आता स्वतंत्र मेसेज म्हणून चित्राच्या आधी जातं, म्हणजे चित्र पुढे ढकललं गेलं तरी मजकूर वेगळा फिरत राहतो. आशाताईंच्या आवाजात त्याची ऑडिओ क्लिपही केली.

त्याने आणखी एक विचारलं. "सगळीकडे 'साप चावला तर' आहे. मला तो दिसणारच नाही. मग?" मॅडम आणि मी, दोघी काही वेळ गप्प झालो. अंधारात, गवतात, झोपेत चावलं तर डोळस माणसालाही तो दिसत नाही. पोस्टरचं शीर्षक बदललं: "साप चावला, किंवा चावला असं वाटलं, तर". खाली लगेच: "साप दिसला नाही, खूण दिसली नाही, तरी दवाखान्यात जा".

सगळ्यात खाली एक रिकामी पांढरी चौकट आहे: "आपल्या जवळ सापाचं इंजेक्शन मिळणारा दवाखाना", आणि पुढे दोन ओळींची जागा. ती छापील नाही, मार्करने भरायची, कारण साठा कुठे आहे हे बदलत राहतं. लॅमिनेशन मॅट घेतलं. एक तर ट्यूबलाइटची चकाकी येत नाही, आणि स्पिरिटच्या बोळ्याने जुनं पुसून नवं लिहिता येतं. पावसाळ्याच्या सुरुवातीला आणि नंतर दर महिन्याला आशाताईंनी केंद्रात विचारून ती भरायची असं मॅडमनी ठरवून दिलंय. तुमच्या गावात असं पोस्टर लागलेलं असेल तर ती चौकट भरलेली आहे का ते बघा, नसेल तर केंद्रात विचारा आणि लिहा.

सध्या विंचवाच्या पोस्टरवर काम चालू आहे. कोकणातल्या लाल विंचवावरचे उपचार महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन हे औषध वापरून कुठल्या कुठे नेले, पण पेशंट वेळेत पोहोचला तरच ना. तिथे लक्षणं वेगळी: दरदरून घाम, उलट्या, गार पडलेले हातपाय. घाम काढता येतो. गार पडलेला हात कसा काढायचा, यावर आशाताईंच्या ओटीवर अजून एकमत झालेलं नाही. आजींचं म्हणणं आहे की हात काढूच नकोस, दुसऱ्या कुणीतरी तो हातात धरलाय आणि दचकलाय, असं काढ. पुढच्या फेरीत तेच दाखवून बघणार आहे.